बहिरं माकड आणि बाजूला पडलेली नोंद

रानात बिबट्या पाहून वानराने खॉक् केलं की लाल तोंडाची माकडं झाड गाठतात. ती नुसता आवाज ऐकतात, की आवाजासरशी त्यांच्या डोळ्यांपुढे बिबट्या उभा राहतो? गव्हाणमध्ये, बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या धडधडीत राहून मी वर्षानुवर्षं हा प्रश्न उगाळत आलो आहे. त्याचा माग काढताना थेट १८८१ च्या लंडनमध्ये पोचलो.

मेंदूत प्रत्येक कामाला वेगळी जागा असते की नाही, यावर तेव्हा युरोपात जुंपली होती. गोल्ट्झ नावाचा शास्त्रज्ञ म्हणे, अशी वाटणी नसते. फेरियर नावाचा दुसरा म्हणे, असते. ४ ऑगस्टला किंग्ज कॉलेजात फेरियरने दोन माकडं आणली. एकाची अर्धी बाजू लुळी पडलेली. ते पाहून जमलेल्यांपैकी शार्को नावाचा डॉक्टर उद्गारला, हा तर रुग्णच! दुसऱ्याच्या मेंदूतला कानशिलाजवळचा वरचा भाग दोन्हीकडून काढला होता. जवळच टिकलीचा बार उडवला. पहिलं माकड दचकलं, दुसरं ढिम्म. बहिरेपण सिद्ध झालं! पुढे मेंदू तपासायला समिती नेमली, तीत एडवर्ड शेफर होता. त्याच नोव्हेंबरात, विनापरवाना प्रयोग केल्याबद्दल, प्राणीप्रेमींनी फेरियरला कोर्टात खेचलं. पण सुरी चालवली होती परवानाधारक जेराल्ड यिओने, त्यामुळे खटला निकालात निघाला.

खरी भांडाभांडी त्यानंतरची, आणि ती या शेफरशीच. १८८८ मध्ये त्याने सँगर ब्राऊन या अमेरिकन डॉक्टरबरोबर रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लेख छापला. तोच भाग काढूनही आमची माकडं ऐकतात, असा त्याचा दावा. दोघेही हट्टी, दोघेही विद्वान. आणि मला दोघांचाही कंटाळा येतो. कारण त्याच लेखात त्या वादापेक्षा कितीतरी मोलाची एक नोंद आहे.

एका रीससच्या, म्हणजे आपल्या उत्तरेकडच्या माकडाच्या, दोन्ही बाजूंचे कानशिलाकडचे खंड काढले होते. आधी ते भलतंच रागीट. आता माणसाची भीती गेली. दिसेल ती वस्तू उचलायचं, हुंगायचं, तोंडात घालून पाहायचं, आणि थोड्या वेळाने तीच वस्तू जन्मात पाहिली नसल्यासारखी पुन्हा तपासायचं. दिसत होतं, ऐकूही येत होतं. पण दिसलेल्याचा आणि ऐकलेल्याचा अर्थ लागत नव्हता. जागेच्या भांडणात या नोंदीचा कुणालाच उपयोग नव्हता, म्हणून ती तशीच राहिली. सुमारे पन्नास वर्षांनी शिकागोत क्लूव्हर आणि ब्यूसी यांना रीसस माकडांत हेच दिसलं आणि त्या लक्षणांना त्यांची नावं मिळाली. ब्राऊननेही पुढे शिकागोतच डॉक्टरकी केली होती, हा आणखी एक चिमटा.

जागेच्या वादाचा निकाल बराच उशिरा लागला. १९८० च्या दशकात हेफनर दांपत्याने जपानी माकडांत पाहिलं, की दोन्हीकडचा श्रवणाचा भाग काढल्यावर आधी ऐकू येणं जवळजवळ थांबतं, मग हळूहळू बरंचसं परततं. माझ्या मते फेरियर आणि शेफर दोघेही अर्धेअर्धे बरोबर होते. फरक बराचसा कधी तपासलं आणि किती कापलं याचा असावा.

त्याहून मोठा धक्का २००५ चा. आसिफ गझनफर आणि सहकाऱ्यांनी रीससना दुसऱ्या माकडाचा आवाज ऐकवला, सोबत त्याचा हलणारा चेहरा दाखवला. ज्याला निव्वळ श्रवणाचं केंद्र मानत होते, तिथल्या पेशीसमूहांचा प्रतिसाद चेहरा दिसताच बदलला; कधी वाढला, कधी घटला. इतरांच्या प्रयोगांत तिथे स्पर्शाचाही प्रभाव आढळला होता. म्हणजे ज्या खोलीच्या मालकीवरून तंटा होता, तिच्या भिंतींना मुळातच दारं होती.

आता रानाकडे. उमा रामकृष्णन आणि रिचर्ड कॉस यांनी दक्षिण भारतात लाल तोंडाच्या माकडांना ध्वनिमुद्रित इशारे ऐकवले. वानराच्या, इतकंच काय सांबराच्या आवाजालाही ती पळाली. बिबट्याच्या प्रतिकृतींत काळ्यापेक्षा ठिपकेवाल्याला जास्त घाबरली. त्यांच्या डोळ्यांपुढे बिबट्या उभा राहतो का, हे यातून कळत नाही. पण आवाज कानात शिरणं वेगळं आणि त्यात धोका ओळखणं वेगळं, ही ब्राऊनच्या माकडाने उघडी पाडलेली फट इथे सुरी न लावता तपासता येते. १८८१ नंतर लंडनमध्ये ऐकू येतं की नाही एवढ्यावरच सात वर्षं घालवली. माझ्या लेखी तो वेळेचा अपव्यय होता.