वेरूळ आणि वेरुळात : शब्द तोडायचा कुठे?

प्रोग्रॅमिंग शिकायला लागलं की वाक्याचे शब्द पाडणं हा धडा लवकरच येतो. आज आपण तेवढंच करू. वाक्य घेऊ : 'आम्ही वेरूळ पाहिले आणि वेरुळात राहिलो.'

पायथॉनमध्ये यावर 'स्प्लिट' चालवलं की सहा तुकडे मिळतात. पण शेवटचा तुकडा पूर्णविरामासकट येतो. कारण उघड आहे : यंत्राला शब्द कळत नाही, मोकळी जागा कळते. वेरूळच्या 15 क्रमांकाच्या दशावतार लेण्यात दंतिदुर्गाचा संस्कृत शिलालेख आहे. जुन्या शिलालेखांत शब्दांमध्ये जागा सोडायची रीत नव्हती. वाचणाराच संधी सोडवत शब्द पाडायचा. तिथे स्प्लिट काय करणार?

आता अक्षरं मोजू. 'वेरूळ'मध्ये आपण तीन म्हणतो, यंत्र पाच म्हणतं. ते मात्रा आणि उकार वेगळे मोजतं. शब्द उलटा करायला सांगा, 'ळूरेव' येतं. आपण 'ळरूवे' म्हटलं असतं. रचा ऊकार ळला चिकटला आणि वची मात्रा रला!

खरी अडचण पुढेच आहे. 'वेरूळ' शोधा, 'वेरुळात' सापडत नाही, कारण सामान्यरूपात दीर्घ ऊ ऱ्हस्व होतो. सोलापूर, नागपूर यांचंही तेच. गावाच्या नावाने बातमी किंवा शासन निर्णय शोधणाऱ्याच्या हातून कामाचा कागद असा निसटतो.

मग नियम करू : शेवटचा 'ात' कापा, उकार दीर्घ करा. 'वेरुळात'चं 'वेरूळ' झालं, छान. पण 'तरुणात'चं 'तरूण' होतं, ते चूक. आणि 'हात'चा उरतो नुसता 'ह'! म्हणून नियमाच्या जोडीला शब्दांची यादी लागतेच.

भर्तृहरी म्हणतो, वाक्य अखंड आहे. पदं आणि वर्ण हे आपण समजण्यासाठी केलेले विभाग. शबरासारखे मीमांसक वर्णांनाच शब्द मानतात. वाद जुना आहे, पण प्रोग्रॅम लिहिताना आपल्याला त्यात बाजू घ्यावीच लागते. शब्द कुठे तोडायचा हे यंत्र ठरवत नाही, आपण ठरवतो. म्हणून परिणामाची जबाबदारीही आपली.

घरी गेल्यावर आपापल्या गावाचं नाव घेऊन बघा. आधी अक्षरं बोटांवर मोजा, मग यंत्राला विचारा.