परसातली बदके आणि मुलांचा घास

बंगल्याच्या परसात चार बदके पाळावीत, म्हणजे नातवंडांना ताजी अंडी मिळतील, असे म्हणणारी मंडळी आपल्या वडोदऱ्याच्या मराठी समाजात मला अधूनमधून भेटतात. हे अंडे मुलांना चालते काय, असे ते बालरोगतज्ज्ञ म्हणून मला विचारतात. चालते, मात्र बदकाच्या खाण्याकडेही तितकेच लक्ष हवे.

अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल ही जात उत्तम. इंग्लंडमधील ॲडेल कॅम्पबेल या बाईंनी ती निपजवली, आणि तिच्यात इंडियन रनर बदकाचा अंश आहे. (नावात इंडियन असले तरी हे बदक मूळचे इंडोनेशियाच्या बेटांवरचे!) चांगली निगा राखल्यास मादी वर्षाला २५० ते ३०० अंडी देते, आणि त्यासाठी नराची गरज नसते. तळेही लागत नाही. डोळे व नाकपुड्या धुता याव्यात म्हणून डोके बुडेल एवढे खोल पाण्याचे भांडे पुरते. बदके गोगलगायी व किडे वेचून खातात; कोवळ्या पालकाचाही फडशा पाडतात, तेव्हा वाफ्याला जाळी लावावी.

अंडे सुमारे ६५ ते ७० ग्रॅमचे, कोंबडीच्या अंड्याहून मोठे व अधिक स्निग्ध. बदक पहाटे, जागा मिळेल तेथे, अगदी चिखलातही अंडे घालते. म्हणून खुराड्यात कोरडा पेंढा अंथरावा आणि अंडी सकाळीच गोळा करावीत. इंग्लंडमध्ये २०१० साली बदकाच्या अंड्यांतून साल्मोनेलाची साथ पसरली होती. पिवळा बलक घट्ट होईपर्यंत अंडे उकडावे. अर्धेकच्चे मुलांना देऊच नये. कोंबडीच्या अंड्याची ॲलर्जी असलेल्या मुलाला हे अंडेही बाधू शकते.

आता खाण्याविषयी. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्कीची पिले दगावली. ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीतील बुरशीचे विष, म्हणजेच अफ्लाटॉक्सिन, त्याला कारणीभूत ठरले. बदकाच्या पिलाचे यकृत या विषाला इतके हळवे असते की, पुढे विषाची परीक्षा करण्यासाठी एक दिवसाची पिलेच वापरली जाऊ लागली. कोंबडी जे पचवते, त्याने बदक मरते.

आपल्या शेजारच्या पंचमहालात व राजस्थानातील बांसवाड्यात १९७४ साली अवेळी पावसाने भिजलेला मका खाऊन शेकडो आदिवासींना कावीळ व जलोदर झाला. त्यांतील शंभराहून अधिक दगावले. गावांतली कुत्रीही तशीच मेली. रोटल्याच्या आणि बदकांच्या मक्याचे पोते पुष्कळदा एकच असते, म्हणून मी हे मुद्दाम सांगतो.

बदके एकाएकी मलूल होऊन मरू लागली, तर मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हाताने शिवू नये. पशुवैद्यकांना तत्काळ कळवावे. २००६ साली नवापूरला आलेला बर्ड फ्लू आपण जवळून पाहिला आहे. त्याच वेळी धान्याची कोठीही उघडून पाहावी. मका व पेंड पंधरा दिवसांपुरतीच आणावी, पावसाळ्यात त्याहूनही कमी, आणि पोते जमिनीपासून उंच फळीवर ठेवावे. कुबट वास आलेले वा हिरवट बुरशी धरलेले धान्य उन्हात वाळवून किंवा भाजून निर्विष होत नाही. ते बदकांना घालू नये, गाईला देऊ नये (विष दुधात उतरते), आणि निवडून घरच्या पिठात तर मुळीच मिसळू नये. खड्डा करून पुरून टाकावे.