पहिल्यांदाच विमानाने दिल्लीला निघालात? मग एवढे वाचाच

आभाळात विमानाचा आवाज आला की औत थांबवून वर बघायचे दिवस आता मागे पडले. शिर्डीजवळ काकडीला ऑक्टोबर २०१७ मध्ये विमानतळ सुरू झाला, तेव्हापासून आपल्या जिल्ह्यातला माणूसही विमानात बसू लागला. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास दिल्लीला पुसा संस्थेचा कृषी मेळा भरतो. बियाणे बघायला, अवजारे बघायला जावे असे अनेकांच्या मनात असते. कर्नाटक एक्स्प्रेसने जायचे तर दिवस-रात्र गाडीत जाते. विमान सव्वादोन तासांच्या आत उतरवते. छाटणी, तोडणीच्या दिवसांत मळा चार दिवस सोडणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी हा हिशेब महत्त्वाचा आहे.

पण हिशेब नीट केला तरच. नाहीतर खिसा कापला जातो.

पहिली गोष्ट म्हणजे विमानाच्या तिकिटाला एसटीसारखा एक भाव नसतो. बाजार समितीत एकाच दिवशी एकाच कांद्याचे पाच भाव निघतात, तसेच हे. कंपनी एका विमानातल्या जागा वेगवेगळ्या भावांच्या गटांत वाटून ठेवते. स्वस्त गटातल्या जागा थोड्या. त्या संपल्या की पुढचा गट उघडतो आणि भाव चढतो. म्हणून तीन-चार आठवडे आधी बघणाऱ्याला स्वस्त पडते आणि आदल्या दिवशी धावणाऱ्याला दुप्पट-तिप्पट मोजावे लागतात.

यातली एक खुबी फार जणांना ठाऊक नाही. समजा, गावातले चौघे मिळून निघालात आणि मोबाईलवर चार तिकिटे एकदम शोधलीत. स्वस्त गटात दोनच जागा उरल्या असतील, तर पुष्कळदा चारही तिकिटे वरच्या भावाने दाखवली जातात. म्हणून आधी एका माणसाचा भाव बघा, मग दोघांचा, मग चौघांचा. फरक दिसला तर दोन-दोन करून काढा. बसायला शेजारी मिळाले नाही तर बिघडत नाही, दोन तासांचा तर प्रश्न आहे.

वार आणि वेळही बघावी. मंगळवार, बुधवारी सहसा गर्दी कमी असते. भल्या पहाटेचे किंवा रात्री उशिराचे विमान दुपारच्यापेक्षा बऱ्याचदा स्वस्त असते. शिर्डीचे म्हणाल तर गुरुवार, शनिवार-रविवार, रामनवमी, गुरुपौर्णिमा हे साईभक्तांच्या गर्दीचे दिवस. तेव्हा तिथून स्वस्ताची आशा कमीच.

आता कुठून बसायचे? आपल्याला शिर्डी, पुण्याचे लोहगाव, नाशिकचे ओझर, छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा आणि मुंबई असे पर्याय आहेत. कोणी म्हणेल, मुंबईहून हजार रुपये स्वस्त आहे. असेल. पण मुंबईपर्यंतचे भाडे, तिथली रिक्षा, चहापाणी आणि वाया गेलेला दिवस धरा. श्रीरामपूर-राहात्याच्या माणसाला शिर्डी थोडे महाग वाटले तरी शेवटी स्वस्त पडू शकते. पारनेर-श्रीगोंद्याच्या माणसाला पुणे सोयीचे. तिकिटाचा भाव घरच्या उंबऱ्यापासून मोजावा.

'उडान' योजनेबद्दल पुष्कळजण विचारतात. एप्रिल २०१७ मध्ये या योजनेची पहिली विमाने उडाली, त्यांत नांदेड-हैदराबादही होते. तासाभराच्या प्रवासाला काही जागा अडीच हजार रुपयांच्या आसपास देण्याची ती कल्पना. चांगली होती. पण महालेखापालांच्या (कॅग) २०२३ च्या अहवालात नोंद आहे, की दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्गांवर विमान सुरूच झाले नाही. तेव्हा लहान विमानतळावरून जायचे ठरवाल, तर ती सेवा त्या महिन्यात, त्या वारी चालू आहे का, याची आधी खातरजमा करा. जुन्या बातमीच्या कात्रणावर भरवसा ठेवू नका.

तिकीट काढताना शेवटच्या पानापर्यंत डोळे उघडे ठेवा. आधी दिसलेल्या भावात पुढे जागा निवडण्याचे पैसे, जेवण, विमा आणि 'सोयीचे शुल्क' चढत जाते. जागा पैसे देऊन निवडलीच पाहिजे असे नाही. न निवडता पुढे गेले की कंपनी आपणहून फुकट जागा देते. तालुक्याच्या एजंटाकडून काढणार असाल तर त्याचे वेगळे शुल्क किती, हे आधीच विचारा. हाती आलेला पीएनआर क्रमांक कंपनीच्या साइटवर घालून तिकीट खरे आहे ना, ते मुलाकडून बघून घ्या. आणि कंपनीचा फोन नंबर इंटरनेटवर कुठूनही उचलू नका. त्यात भामट्यांचे नंबर पेरलेले असतात. पैसे परत देतो म्हणून ओटीपी मागितला की फोन ठेवून द्या.

सगळ्यात मोठी फसगत होते ती नावात. आमच्या माहितीतले दोघे भाऊ, द्राक्ष बागायतदार. थोरल्याला सारा गाव 'आप्पा' म्हणतो. भाच्याने हौसेने तिकीट काढले, त्यावर 'आप्पासाहेब' घातले. आधारवर नाव भलतेच. दारावरच्या जवानाने आत सोडले नाही. धाकटा आत, थोरला बाहेर! "अहो, मीच तो, गावात कुणालाही इचारा," असे ते सांगत राहिले. पण गाव तिथे कुठून येणार? दिल्लीच्या दवाखान्यात जावई भरती होता, म्हणून जाणे भाग होते. संध्याकाळच्या विमानाचे तिकीट काढले, ते पहिल्याच्या तिप्पट भावाने. तेव्हा आधार कार्ड समोर ठेवून एकेक अक्षर जुळवा. आडनावाच्या रकान्यात आडनावच घाला. अक्षर चुकलेच, तर थेट कंपनीकडून काढलेल्या तिकिटावर चोवीस तासांच्या आत कळवल्यास दुरुस्ती फुकट होते. एकाच्या तिकिटावर दुसऱ्याला मात्र जाता येत नाही.

सैन्यातला मुलगा असेल किंवा वय साठच्या पुढे असेल, तर काही कंपन्या सवलत देतात. तिकीट काढतानाच तसे सांगावे लागते आणि पुरावा जवळ ठेवावा लागतो. चालता न येणाऱ्या वडीलधाऱ्यांसाठी चाकाची खुर्ची मिळते, तीही आधी नोंदवा. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी शासकीय कामाने निघाले असतील तर विमानाची लेखी मंजुरी आधी घ्यावी, बोर्डिंग पास जपून ठेवावा. नंतर बिल अडकले की वर्षभर फाईल फिरते.

सामानाचे गणित असे. देशातल्या प्रवासाला साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलो पोटात टाकायला आणि ७ किलो हातात घेऊ देतात. जादा किलोला चांगलाच दर पडतो. घरच्या काट्यावर बॅग मोजून निघा. पाहुण्यांना द्राक्षे न्यायची तर खोक्यात नीट बांधून पोटातल्या सामानात द्या. विळा, अडकित्ता, कात्री, छाटणीची कैची हेही तिकडेच. मोबाईलची पॉवर बँक मात्र उलटी, ती हातातल्याच पिशवीत हवी. काडेपेटी आणि लायटर कुठेच चालत नाही. कीटकनाशकाची बाटली नमुना म्हणून नेऊ नका, तीही दोन्हीकडे बंद आहे. सुक्या खोबऱ्याला तर हमखास अडवतात, कारण त्यात तेल असते आणि ते पेट घेते. लोणचे हातात ठेवलेत तर काढून घेतले जाऊ शकते. दशम्या, कोरडी शेंगदाण्याची चटणी खुशाल न्या. विमानातले खाणे महाग असते.

तपासणीत कंबरपट्टा, घड्याळ, पाकीट, चुन्याची डबी ट्रेमध्ये काढून ठेवावी लागते. कमरेला चांदीचा करदोडा असेल तर यंत्र वाजते. घाबरू नका, जवानाला सांगा, तो हाताने तपासून सोडतो. तंबाखूवाल्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की वर खिडकी उघडत नाही. विमान उतरताना कान दडपतात, तेव्हा आवंढा गिळावा किंवा गोळी चघळावी. तान्ह्या लेकराला पाजावे.

विमान सुटण्याआधी दोन तास पोहोचा. सामानाचा काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, मग कितीही विनवण्या केल्या तरी उघडत नाही. मोबाईलवर आधीच बोर्डिंग पास काढला तर उत्तम. नाही जमले तर काउंटरवर मागा. त्याचे वेगळे पैसे घेऊ नयेत, असे केंद्राने जुलै २०२२ मध्ये कंपन्यांना बजावले आहे. अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर नियमाने खाणेपिणे कंपनीने द्यायचे असते. उशीर सहा तासांवर जाणार असेल तर दुसरे विमान किंवा पूर्ण पैसे मागता येतात. तिकीट तुम्हीच रद्द केलेत आणि ते 'परतावा नाही' प्रकारचे असले, तरी विमानतळाचे शुल्क परत मिळते. मागितल्याशिवाय मात्र कोणी देत नाही.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि माणसे विमानतळावरच झोपली. कोर्टाची तारीख, मुलाखत, ऑपरेशन असे काम असेल तर एक दिवस आधीचे विमान धरा.

लोहगावचा तळ हवाई दलाचा आहे, तिथे धावपट्टीचे फोटो काढू नका. आणि परतीचे विमान रात्री उशिरा उतरणारे असेल, तर तिकीट काढण्यापूर्वी गावाकडची पहाटेची पहिली एसटी किती वाजता आहे, ते विचारून ठेवा.