नवी गिटार घ्यावी का?

समजा, तुमच्या थोरल्या भावाची एक जुनी गिटार घरात आहे. सहा महिन्यांपासून तुम्ही तिच्यावर शिकत आहात. पण बोटे दुखतात, सूर नीट लागत नाही आणि आवाजही बोदा येतो. अशा वेळी मनात येते, 'नवी गिटार मिळाली, तर मला छान वाजवता येईल!' दुकानात चकाकणारी गिटार पाहिली, की ही इच्छा आणखी वाढते. परंतु नव्या गिटारला काही हजार रुपये पडतात आणि ते पैसे घरच्यांनी कष्टाने मिळवलेले असतात. म्हणून आधी एका प्रश्नाचे उत्तर शोधले पाहिजे. दोष गिटारमध्ये आहे, की आपल्या हातात?

हे समजण्यासाठी गिटार कशी वाजते, ते पाहू. गिटारला बहुधा सहा तारा असतात. तिच्या दांडीवर धातूच्या बारीक पट्ट्या बसवलेल्या असतात. त्यांना पडदे म्हणतात. पडद्याच्या अलीकडे तार दाबली, की तारेचा कंप पावणारा भाग आखूड होतो आणि स्वर चढतो. तारेचा कंप घोडीतून लाकडी पेटीत उतरतो. पेटीमुळे आवाज मोठा होतो.

सतार या शब्दाचे मूळ फारसी आहे. 'सेह' म्हणजे तीन, हे तुम्ही जाणताच. गिटार हा शब्द मात्र स्पेनमधून आला. आजच्या गिटारला तिचा आकार देण्यात अंतोनियो दे तोरेस या स्पॅनिश कारागिराचा मोठा वाटा आहे. तो १८१७ ते १८९२ या काळात होऊन गेला.

आता जुन्या गिटारची परीक्षा घेऊ.

पहिली गोष्ट तारांची. बोटांच्या घामाने आणि दमट हवेने पोलादी तारा गंजतात. मग आवाज बोदा होतो. तारांचा नवा संच गिटारच्या मानाने फारच स्वस्त असतो. तो बसवून पाहा. मात्र नायलॉनच्या तारांसाठी बनवलेल्या गिटारवर पोलादी तारा कधीही चढवू नका. त्यांचा ताण जास्त असतो. त्यामुळे घोडी उखडू शकते.

दुसरी गोष्ट तारांच्या उंचीची. बाराव्या पडद्यापाशी पोलादी तारा साधारण २ ते ३ मिलिमीटर उंच असतात. नायलॉनच्या तारा थोड्या अधिक उंच असतात. उंची फार असेल, तर तार दाबायला जोर लागतो आणि बोटे दुखतात. हा दोष जाणकार कारागीर बहुतेक वेळा दुरुस्त करू शकतो.

तिसरी गोष्ट स्वरांची. बारावा पडदा तारेच्या जवळजवळ मध्यावर असतो. तार आधी मोकळी वाजवा. मग बाराव्या पडद्यावर दाबून वाजवा. तोच स्वर वरच्या सप्तकात ऐकू आला पाहिजे. नव्या तारा लावूनही तो बेसूर येत असेल, तर गिटार कारागिराला दाखवा.

चौथी परीक्षा सर्वांत सोपी आहे. तुमची गिटार तुमच्या गुरुजींना वाजवायला द्या. त्यांच्या हाती ती गोड वाजली, तर काय समजावे? 'नाचता येईना, अंगण वाकडे' ही म्हण येथे आठवावी. उर्दूतही अशीच म्हण आहे. अशा वेळी गिटार बदलून काही होणार नाही. रोज अर्धा तास सराव केला, तरच बोटे तयार होतील.

मग नवी गिटार कधीच घेऊ नये का? तसे नाही. दांडी खूप वाकली असेल, पेटीला मोठी चीर गेली असेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्या गिटारच्या किमतीजवळ जात असेल, तर नवी घेणेच शहाणपणाचे. खराब वाद्यावर शिकणारा कंटाळतो आणि पुष्कळदा शिकणेच सोडून देतो. हे नुकसान पैशांच्या नुकसानीपेक्षा मोठे आहे.

नवी गिटार घेण्यापूर्वी कुणाची वापरलेली चांगली गिटार मिळते का, तेही पाहा. तिचीही वरीलप्रमाणे परीक्षा घ्या. दुकानात जाताना एखाद्या जाणकाराला सोबत न्या. रंग आणि चकाकी पाहून भुलू नका. हातात घेऊन, वाजवून, कान देऊन ऐका. नवशिक्यांच्या बोटांना नायलॉनच्या तारा मऊ वाटतात, हेही लक्षात ठेवा.

शेवटी घरातील वडीलधाऱ्यांशी मोकळेपणाने बोला. काय तपासले आणि काय आढळले, ते त्यांना सांगा. अंथरूण पाहून पाय पसरावेत. असा विचार करून घेतलेली गिटार, जुनी असो वा नवी, कोपऱ्यात धूळ खात पडणार नाही.