‘परिसर’ आणि पुण्याचे रस्ते

पुण्याच्या वाहतुकीचा गेल्या चार दशकांचा इतिहास सामान्यतः उड्डाणपूल, रस्तारुंदी आणि वाहनांची वाढती नोंदणी यांच्या आकड्यांतून सांगितला जातो. या काळात रस्त्यांच्या वापराविषयी शहरात जो वाद चालू राहिला, त्यातील कमी लोकप्रिय बाजू ‘परिसर’ या स्वयंसेवी संस्थेने सातत्याने आणि अभ्यासपूर्वक मांडली. १९८०च्या दशकाच्या आरंभी स्थापन झालेल्या या संस्थेच्या संस्थापकांमध्ये मुद्रणव्यवसायातील सुजित पटवर्धन हे प्रमुख होते. पर्यावरणरक्षण हा तिचा मूळ उद्देश असला, तरी शहरातील टेकडी फोडली जाते ती रस्त्यासाठी, झाडे पडतात ती रस्तारुंदीसाठी आणि नदीपात्र आक्रसते तेही पुष्कळदा रस्त्यासाठीच, हे ध्यानात आल्यावर वाहतूक नियोजन हा तिच्या कार्याचा गाभा व्हावा, हे स्वाभाविकच होते.

संस्थेच्या भूमिकेमागे वाहतूकशास्त्रातील एक सुपरिचित सिद्धान्त आहे. रस्त्याची क्षमता वाढवली की वाहन चालवणे काही काळ सोयीचे होते. त्या सोयीमुळे पूर्वी बसने जाणारे किंवा चालणारे लोक स्वतःचे वाहन बाहेर काढतात आणि थोड्याच वर्षांत तो रस्ता पुन्हा तुंबतो. या परिणामास ‘प्रेरित मागणी’ म्हणतात. उड्डाणपुलांवरील खर्चाला ‘परिसर’ने जो विरोध केला, तो या तर्कावर उभा होता. पुणे विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल बांधून पुरती दोन दशकेही झाली नव्हती, तोच मेट्रोच्या कामासाठी २०२० मध्ये तो पाडावा लागला. त्याचे कारण वेगळे असले, तरी चौकाचौकापुरते नियोजन किती अल्पायुषी ठरते, याचा याहून खर्चिक दाखला पुणेकरांपुढे क्वचितच आला असेल.

या विचारास सरकारी अधिष्ठान मिळाले ते २००६ मध्ये. त्या वर्षी केंद्र सरकारने स्वीकारलेल्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणात वाहनांऐवजी माणसांची ने-आण हा नियोजनाचा निकष मानला गेला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यात सातारा व सोलापूर रस्त्यांवर, कात्रज-स्वारगेट-हडपसर या पट्ट्यात, देशातील पहिला प्रायोगिक बीआरटी मार्ग सुरू झाला. बीआरटी म्हणजे बससाठी राखीव मार्गिका, समपातळीवरून चढता येईल असे थांबे आणि चौकात बसला अग्रक्रम अशी जलद बससेवा. एका बसमधून साठ-सत्तर माणसे जातात, तर तेवढीच माणसे दुचाकींवर निघाली की अख्खा चौक अडतो. म्हणून रस्त्याचा काही भाग बसला देणे हा जागेचा न्याय्य वाटा आहे, असा या व्यवस्थेमागील युक्तिवाद आहे. ‘परिसर’ने या कल्पनेचा पुरस्कार केला. प्रत्यक्षात मात्र मार्गिका सलग नव्हत्या, त्यांत खासगी वाहने शिरत आणि थांब्यापर्यंत रस्ता ओलांडून जाणे प्रवाशांना जिकिरीचे होई. बीआरटी फसली असे म्हणणाऱ्यांनी बहुधा ही अर्धवट अंमलबजावणीच पाहिलेली असते. २०१५ मध्ये ‘रेनबो’ या नावाने सुधारित मार्ग सुरू झाले, तेव्हा पिंपरी-चिंचवडने ते काम तुलनेने नेटाने केले; पुण्यात मात्र नगर रस्त्यावरील मार्गिका अलीकडे काढून टाकण्यात आल्या.

संस्थेच्या कामाचे मर्म कळण्यासाठी पदपथाकडे बारकाईने पाहावे लागते. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्तेबांधणीची मानके ठरवणारी संस्था आहे. तिच्या मानकानुसार पदपथाची अडथळाविरहित रुंदी किमान १.८ मीटर असावी आणि त्याच्या कडेची उंची १५० मिलिमीटरपेक्षा अधिक नसावी. रुंदीचे कारण असे की समोरासमोर येणाऱ्या दोन चाकाच्या खुर्च्यांना एकमेकींजवळून जाता आले पाहिजे; उंचीचे कारण असे की गुडघे दुखणाऱ्या वृद्धाला ती पायरी चढता आली पाहिजे. पुण्यातील जुन्या पेठांतून किंवा उपनगरांतून हिंडणाऱ्यास याच्या उलट चित्र दिसते: महावितरणचा डीपी, झाडाचे आळे, जाहिरातफलकाचा खांब, दुकानाच्या पायऱ्या, दर दहा-पंधरा पावलांवर फाटकासाठी दिलेला उतार आणि शेवटी फरशीवर लावलेली मोटारसायकल. पादचारी खाली उतरतो आणि मग तो वाहतुकीला अडथळा ठरतो! पदपथ बांधला एवढ्याने भागत नाही, तो सलग चालता आला पाहिजे, हा आग्रह ‘परिसर’ आणि पादचाऱ्यांसाठी झटणारे इतर नागरी गट वर्षानुवर्षे धरत आले. २०१६ मध्ये महापालिकेने पादचारी धोरण आणि रस्तेरचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली, त्यात या आग्रहाचा वाटा मोठा आहे. कित्येक दशके खड्डा न पडल्यामुळे पुणेकरांच्या कौतुकाचा विषय झालेल्या जंगली महाराज रस्त्यावर पुढे रुंद पदपथ आले आणि धोरणातील चित्र निदान एका ठिकाणी जमिनीवर उतरले.

अन्य धोरणांची गत इतकी बरी नाही. डिसेंबर २०१७ मध्ये महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने सर्वंकष सायकल आराखडा संमत केला. २०१८ मध्ये वाहनतळ धोरणही संमत झाले. सार्वजनिक जागेवर फुकट गाडी लावणे म्हणजे गाडी नसलेल्याच्या करातून गाडीवाल्याला दिलेले अनुदान होय, हे त्यामागील तत्त्व; परंतु राजकीय विरोधामुळे ते धोरण कागदावरच राहिले.

बससेवेच्या बाबतीत हिशेब आणखी सरळ आहे. केंद्र सरकारच्या सेवास्तर निकषांनुसार उत्तम सेवेसाठी दर लाख लोकसंख्येमागे ६० बस लागतात. २०११च्या जनगणनेत पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांची एकत्रित लोकसंख्या सुमारे ४८ लाख होती. म्हणजे त्याच वेळी जवळपास २,९०० बस हव्या होत्या. दोन्ही शहरांच्या बससेवा एकत्र करून २००७ मध्ये स्थापन झालेल्या पीएमपीएमएलचा ताफा मात्र अलीकडेही दोन हजारांच्या आसपास घुटमळत राहिला आहे. मेट्रोवर होणारा खर्च पाहता त्याच पैशांत बससेवा किती सुधारली असती, हा ‘परिसर’चा प्रश्न अनेकांना अप्रिय वाटला. ६ मार्च २०२२ रोजी मेट्रो धावू लागली असली, तरी स्थानकापर्यंत पोहोचवणारी बस आणि चालता येईल असा पदपथ यांची गरज तिच्यामुळे वाढलीच आहे.

संस्थेच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तिचा प्रभाव धोरणाच्या मसुद्यांवर, अधिकाऱ्यांच्या बैठकांत आणि वृत्तपत्रांच्या चर्चेत अधिक दिसतो. रोज बसची वाट पाहणारी घरकामगार किंवा पहाटे सायकलवर कारखान्यात जाणारा कामगार मतदार म्हणून या मागण्यांमागे उभा राहिला, असे झाले नाही. अशा संघटित दबावाअभावीच संमत झालेली धोरणे दप्तरात पडून राहिली, असा निष्कर्ष निघतो.

असा दबाव आणण्याची एक छोटी वाट मात्र खुली आहे. अंदाजपत्रक तयार होण्यापूर्वी प्रभागातील छोटी कामे सुचवण्याची सोय पुणे महापालिकेने नागरिकांना २००६ पासून दिलेली आहे आणि तुटलेला पदपथ किंवा छपराविना उभा बसथांबा ही त्यात बसणारी कामे आहेत. पुणेकर वाचकांनी आपल्या क्षेत्रीय कार्यालयात तसा अर्ज अवश्य द्यावा.