दुसरी फळी : न्यूयॉर्क जायंट्स संघाच्या पुनर्घटनेची हकीकत

'फुटबॉल' हा शब्द उच्चारला की आमच्या विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे पायाने लाथाडला जाणारा वाटोळा चेंडू उभा राहतो. अमेरिकेत त्याच नावाने जो खेळ ओळखला जातो तो अगदी निराळा होय. त्यातील चेंडू दोन्ही टोकांस निमुळता असून तो बहुधा हाती धरून पळावयाचा किंवा पुढे फेकावयाचा असतो. चेंडू ज्या संघाकडे आहे त्यास चार प्रयत्न मिळतात. तेवढ्यात दहा यार्ड पुढे सरकता आले तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू प्रतिपक्षाच्या स्वाधीन होतो. एक पक्ष यार्डायार्डाने जमीन मागत असतो आणि दुसरा ती नाकारीत असतो, इतके ध्यानात ठेविले म्हणजे पुढील हकीकत समजण्यास अडचण पडू नये.

नाकारणाऱ्या पक्षाचे अकरा गडी सामान्यतः तीन फळ्यांत उभे राहतात. पहिली फळी प्रतिपक्षास अगदी भिडून असते; तीत अंगापिंडाने दांडगे गडी घालतात. तिसरी फळी दूर मागे असते. तीतील गडी चपळ असून लांब फेकलेल्या चेंडूवर त्यांची नजर असते. या दोहोंच्या मधील फळीत जे उभे राहतात त्यांस 'लाइनबॅकर' असे म्हणतात. त्यांचे काम सांगावयास सोपे आणि करावयास फार कठीण. चेंडू घेऊन कोणी अंगावर धावून आला तर त्यास पाडावयाचे. फेकणारा फेकण्याच्या बेतात असेल तर त्याच्यावर झडप घालावयाची. आणि त्याने जवळपास फेक केलीच तर झेलणाऱ्याच्या पाठीस लागावयाचे. या तिहींपैकी कोणते काम पुढ्यात आले आहे याचा निर्णय पापणी लवते न लवते तोच करावा लागतो. फेक होणार असे भासवून चेंडू हळूच धावणाऱ्याच्या हाती देणे हा तर प्रतिपक्षाचा नित्याचाच डाव. त्यास भुलून लाइनबॅकर दोन पावले मागे सरला की मधली जागा मोकळी पडलीच.

अशा गड्यांची पारख कशी करावी? प्रेक्षक मोजतो ती त्यांनी किती जणांना पाडले याची संख्या. ही मोजणी निरुपयोगी नसली तरी फसवी खास आहे. धावणारा आठ यार्ड पुढे गेल्यावर त्यास पाडणारा आणि जागच्या जागी पाडणारा, असे दोघेही कागदावर सारखेच दिसतात. शिवाय प्रतिपक्षाच्या दोन दांडग्यांस आपल्या अंगावर झेलून जो शेजाऱ्यास वाट मोकळी करून देतो त्याचे नाव कोठेच नोंदले जात नाही. हुतुतूच्या खेळात पाय धरणाऱ्याची वाहवा होते; चढाई करणाऱ्यास त्या कोपऱ्यात रेटणाऱ्या गड्याकडे फारसे कोणी पाहत नाही, तसेच हे. म्हणूनच शिक्षक मंडळी सामन्याची चित्रफीत पुन्हापुन्हा लावून प्रत्येक गड्याचे पहिले पाऊल कोणीकडे पडले हे पाहतात. चुकीच्या दिशेस पडलेले एक पाऊल पुढच्या दहा पावलांच्या वेगाने भरून निघत नाही. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की, या फळीतील गडी एकेकटा पारखून भागत नाही. चौघे मिळून कोणते काम होते व कोणते राहून जाते हा खरा प्रश्न. न्यूयॉर्कच्या जायंट्स संघाने १९८० नंतरच्या दशकात हा प्रश्न ज्या रीतीने सोडविला ती आम्हांस विशेष बोधप्रद वाटते.

या संघाची त्यापूर्वीची स्थिती दैन्याची होती. १९७३ पासून १९८० पर्यंत सलग आठ हंगाम त्याच्या पराभवांची संख्या विजयांहून अधिक भरली. आश्चर्य हे की, त्याची दुसरी फळी मात्र वाईट नव्हती. ब्रॅड व्हॅन पेल्ट व ब्रायन केली हे दोघे १९७३ मध्ये दाखल झालेले. पैकी व्हॅन पेल्ट याची १९७६ ते १९८० अशी पाच वर्षे लीगमधील निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यासाठी निवड झाली. १९७६ मध्ये हॅरी कार्सन आला. कॉलेजात असता तो पहिल्या फळीत खेळत असे. जायंट्सच्या शिक्षकांनी त्यास मागे घेऊन फळीच्या मध्यभागी उभे केले आणि पुढे तोच संघाचा नायक झाला. माणूस कोठे शोभेल हे तो आजवर कोठे उभा होता यावरून ठरवावयाचे नसते, हे त्यांनी ओळखिले.

१९७९ मध्ये जॉर्ज यंग हे संघाचे व्यवस्थापक झाले. ते पूर्वी शाळेत इतिहास शिकवीत असत (हे लिहिताना आम्हांस थोडे बरे वाटते, हे कबूल केले पाहिजे). १९८१ च्या वार्षिक निवडीत दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या लॉरेन्स टेलर यास घेतले. वरवर पाहता ही निवड विचित्र होती, कारण उणीव इतरत्र होती आणि भर मात्र आधीच भक्कम असलेल्या फळीत पडत होती. परंतु त्या फळीत एक काम राहूनच जात होते. फेकणाऱ्यावर बाजूने, प्रतिपक्षाचा दांडगा वळावयाच्या आत झडप घालील असा गडी तीत नव्हता. टेलरने ते काम असे केले की, १९८० मध्ये ४२५ गुण देणाऱ्या संघाने १९८१ मध्ये अवघे २५७ गुण दिले, आणि १९६३ नंतर प्रथमच संघ अंतिम फेऱ्यांत पोहोचला. वॉशिंग्टन संघाचे मुख्य शिक्षक जो गिब्ज यांना केवळ टेलरला आवरण्यासाठी आपल्या गड्यांची मांडणी बदलावी लागली. एका गड्यामुळे प्रतिपक्षाचा व्यूह बदलावा, ही त्या गड्याची खरी पारख.

मग खरी परीक्षा आली. १९८३ मध्ये बिल पार्सेल्स मुख्य शिक्षक झाले आणि पहिल्याच वर्षी संघाने तीन सामने जिंकून बारा गमावले. चौघांची फळी लोकप्रिय होती. वृत्तपत्रांतून तिचे कौतुक होत असे. अशा वेळी दोष इतरांच्या माथी मारून ती तशीच ठेवणे सोपे होते. तसे झाले नाही. १९८४ च्या निवडीत तिसऱ्याच क्रमांकावर मिशिगन स्टेट विद्यापीठाचा कार्ल बँक्स घेण्यात आला, चौथ्या फेरीत लुइझियानातील एका लहान विद्यापीठाचा गॅरी रीझन्स आला, आणि त्याच वर्षी व्हॅन पेल्ट व केली या दोघांनाही अन्य संघांकडे देण्यात आले. दोघांनीही तिशी ओलांडली होती. दोघांनीही अकरा हंगाम त्या पडत्या संघाची सेवा केली होती, आणि संघास बरे दिवस येऊ लागतात न लागतात तोच त्यांना निरोप मिळाला. व्हॅन पेल्ट यास मिनेसोटाकडे दिले असता त्याने तेथे जाण्यास नकार दिला व शेवटी तो रेडर्स संघात गेला. हा निर्णय निष्ठुर होता की काय, असे आमचे तरुण वाचक विचारतील. आमच्या मते तो निष्ठुर होता आणि बरोबरही होता. गडी पुरता थकून गेल्यावर त्यास काढणे कोणासही जमते. परंतु तोवर त्याच्या जागी येणाऱ्यास शिकावयास अवधीच उरत नाही. मात्र कार्सन यास ठेवण्यात आले हेही पाहिले पाहिजे. मध्यभागी उभा राहून इतरांस इशारे देणारा जाणता गडी नवख्यांच्या घोळक्यास हवाच होता. जुने सगळेच टाकावयाचे असे त्या मंडळींनी ठरविले नव्हते.

बँक्सचे काम टेलरच्या कामाहून निराळे होते. प्रतिपक्षाची बाजू जेथे सर्वांत बळकट तेथे उभे राहून दांडग्यांचा भार अंगावर घ्यावयाचा आणि धावणाऱ्यास बाहेरची वाट द्यावयाची नाही, असे ते काम. टाळ्या टेलरला मिळाल्या, आणि त्या योग्यही होत्या. १९८६ मध्ये तो संपूर्ण लीगमधील सर्वोत्तम खेळाडू ठरला, जो मान त्या बचावाच्या बाजूच्या गड्यास क्वचितच मिळतो. पण बँक्स नसता तर प्रतिपक्षाने सरळ टेलरच्या विरुद्ध बाजूने धाव घेतली असती.

हे सर्व एका प्रसंगात पाहावयास मिळते. २५ जानेवारी १९८७ रोजी कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे डेन्व्हर संघाशी अंतिम सामना झाला. दुसऱ्या चतुर्थकात डेन्व्हर १०-७ ने पुढे असून चेंडू जायंट्सच्या गोलरेषेपासून अवघ्या एका यार्डावर होता. एका यार्डासाठी प्रतिपक्षास पुरेसे प्रयत्न होते. पहिल्या प्रयत्नात फेकणारा जॉन एल्वे स्वतःच उजवीकडे धावला. टेलरने त्यास पाडले. दुसऱ्यात मधून घुसू पाहणाऱ्यास कार्सनने जागीच थांबविले. तिसऱ्यात चेंडू बाहेरच्या बाजूने नेण्यात आला. तेथे बँक्स होता, आणि धावणारा उलट मागे रेटला गेला. शेवटी डेन्व्हरने चेंडू लाथेने खांबांमधून मारण्याचा सोपा पर्याय घेतला तो हुकला. तीन वाटा, तीन गडी. जायंट्सने तो सामना ३९-२० असा जिंकला.

पुनर्घटना तेथेच थांबली असे मात्र नाही. १९८६ मध्येच पेपर जॉन्सन या तरुणास कार्सनच्या हाताखाली घेतले होते. कार्सन १९८८ च्या हंगामानंतर निवृत्त झाला तेव्हा वारस तयार होता. त्याच वर्षी मादक पदार्थाच्या सेवनाबद्दल लीगने टेलर यास आरंभीच्या सामन्यांतून वगळले होते. एवढ्या मोठ्या गड्याचा तोल मैदानाबाहेर असा गेलेला पाहून पालकांस खेद वाटेल, आणि तो आम्हांसही वाटतो. जानेवारी १९९१ मध्ये बफेलो संघाविरुद्ध जायंट्सने पुन्हा अंतिम सामना २०-१९ असा जिंकला. तेव्हा १९८१ च्या चौघांपैकी केवळ टेलर मैदानावर होता. बँक्स, रीझन्स व जॉन्सन हे सर्व मागाहून आलेले.

या फळीचा आणखी एक हिशेब आहे, तो त्या काळी कोणी मांडला नव्हता. लाइनबॅकरला प्रत्येक सामन्यात अनेकदा डोक्याची टक्कर सोसावी लागते. कार्सनला निवृत्तीनंतर १९९० मध्ये डॉक्टरांनी सांगितले की, अशा वारंवार आघातांनी त्याच्या मेंदूस कायमची इजा झाली आहे. २००६ मध्ये त्यास खेळातील सर्वोच्च मानाच्या दालनात स्थान मिळाले. त्या व्यासपीठाचा व पुढील अनेक सभांचा उपयोग त्याने जुन्या खेळाडूंच्या दुखण्यांविषयी बोलण्यासाठी केला. आपल्या नातवास हा खेळ आपण खेळू देणार नाही, असे तो उघडपणे सांगत आला आहे.