मज्जाविकार-चिकित्सालयातील वैद्य-साहाय्यक

‘फिजिशियन असिस्टंट’ अथवा वैद्य-साहाय्यक हा वर्ग अमेरिकेत १९६५ साली, ड्यूक विद्यापीठातील डॉ. यूजीन स्टेड यांच्या अभ्यासक्रमातून, डॉक्टरांच्या उणिवेपोटी उदयास आला. मज्जाविकारांच्या चिकित्सालयात तो तज्ज्ञाच्या सहकार्याने रुग्णाचा पूर्ववृत्तान्त घेतो, तपासणी करतो व औषधांचा परिणाम पाहतो. यांपैकी वृत्तान्त घेणे वरवर दुय्यम वाटते. वस्तुतः निदानाचा पाया तोच होय. अपस्मार की साधी मूर्च्छा, हे पुष्कळदा पाहणाऱ्याच्या कथनावरूनच ठरते. इंग्रजीतील ‘डिझी’ काय किंवा मराठीतील ‘चक्कर’ काय, भोवळ, अंधारी आणि तोल जाणे हे तिन्ही अर्थ एकाच शब्दात दडलेले असतात. ते सवडीने वेगळे करणे, हे साहाय्यकाचे महत्त्वाचे कार्य. ते न झाल्यास पुढील उपचारांची दिशाच चुकण्याचा संभव असतो.